उकळलेलं पाणी

टाळ्या पडल्या आणि शेवंताच्या मांडीवरच्या बाटलीचं झाकण सुटून फरशीवर घरंगळत गेलं. पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी चपलेला अडून ते आडवं झालं. शेवंता वाकली नाही. टाळ्या अजून चालूच होत्या. जळगावच्या त्या वाचनालयाच्या सभागृहात हिवाळी व्याख्यानमालेला बरी गर्दी होती. मंचावर हिलाल नाना, तिचा नवरा, पांढऱ्या सदऱ्यावर निळा कोट घालून उभा होता. त्याच्यासमोर टेबलावर ती लाकडी पेटी उघडी होती, आत कप्प्याकप्प्यांत बाटल्या. नाना आरमारात वीस वर्षं जहाजावरच्या दवाखान्यात होता. डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा. जखमा बांधणारा, औषधं मोजून देणारा. निवृत्त झाल्यावर जहाजांवरच्या औषधांचा इतिहास हे त्याला वेडच लागलं. जुन्या बाजारांतून बाटल्या जमवल्या, सुताराकडून ही पेटी करून घेतली, आणि हे भाषण. भाषण शेवंताला पाठ होतं, म्हणजे स्वयंपाकघरातून, पोळ्या लाटताना, भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेवढं. सभेत बसून, समोरून, सलग ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ. सुनेनं, पुष्पानं, आग्रह केला होता, ‘आई, जा ना, नानांचा सत्कार आहे, तुम्ही नाही गेलात तर बरं दिसतं का?’ म्हणून ती आली. आली नसती तर बरं झालं असतं, हेही तिला नीट वाटेना. आता तिला काहीच नीट वाटत नव्हतं.

नाना बोलला होता ते एवढंच. आधी लिंबाचं. जुन्या काळी शिडाच्या जहाजांवर महिनोन् महिने ताजं काही मिळायचं नाही, खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, बऱ्या झालेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, आणि माणसं रांगेनं मरायची. मग एका सर्जननं प्रयोग करून दाखवला. ज्या दोघांना लिंबू-संत्री दिली ते उठून बसले. बाकीचे पडूनच. ‘आणि तरीही मित्रहो,’ नाना बोट वर करून म्हणाला, ‘आरमारानं लिंबू द्यायला चाळीस वर्षांवर काळ लावला! माहीत होतं. हाताशी होतं. पण दिलं नाही. याला तुम्ही काय म्हणाल?’ सभागृहातून च् च् असा आवाज आला, अंधारात पाली चुकचुकाव्यात तसा. शेवंतानंही केला. मग नाना आपल्या काळावर आला. एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी, विशाखापट्टणमच्या वाटेवर, जहाजावर हगवणीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा कलकत्त्याहून नवा आलेला एक तरुण डॉक्टर म्हणाला, पाणी उकळा, मीठ घाला, साखर घाला, घोट घोट पाजा, थांबू नका. ‘रात्रंदिवस मी मगच्या मग पाजत होतो. डोळे खोल गेलेली, कातडीला चिमटा काढला तर तसाच उभा राहायचा, अशी पोरं. एक नाही गेला! एकसुद्धा नाही! औषध काय, तर पाणी!’

तेव्हा टाळ्या. तेव्हा झाकण पडलं.

रिक्षातून पिंप्राळ्याला येताना नाना शाल मांडीवर घडी करून बसला होता आणि पेटी पायांत. खड्ड्यांतून रिक्षा गेली की बाटल्या आपसांत बोलायच्या. ‘झाकण कुठे हरवलंस?’ एवढंच तो म्हणाला. शेवंता म्हणाली, ‘पडनं.’ बाटली ॲल्युमिनियमची होती, वरून निळ्या कापडाचं आवरण, कापड कितीदा तरी शिवलेलं. जहाजावरून आणलेली. नाना घराबाहेर कुठलंही पाणी पीत नसे. लग्नाकार्यात नाही, पाहुण्याकडे नाही. सकाळी पाणी उकळून, निववून, बाटलीत भरायचं हे शेवंताचं काम. नात्यागोत्यात बाटली घेऊन मागे मागे जायचं हेही तिचंच. लोक कौतुक करायचे. नानांची शिस्त जहाजी आहे म्हणायचे. आज ती बाटली तिला मांडीवर जड लागत होती. वास्तविक ती अर्धी रिकामी झालेली. कापड ओलं होऊन लुगड्याला गारवा लागत होता, आणि तो गारवा कुठून तरी ओळखीचा होता. कुठून ते तिला कळलं होतं, पण कळलं असं तिनं अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पुष्पानं ताट वाढलं. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. शेवंतानं घास केला आणि तो तोंडात तसाच राहिला. ‘काय वं माय, बरं नही का?’ लीलाधरनं, मुलानं, विचारलं. घरात तेवढा तोच तिच्याशी तिच्या बोलीत बोलायचा. ‘थंडी वाजनी,’ ती म्हणाली. आतून नाना म्हणाला, ‘ताप बघतो. इकडे ये.’ ती गेली नाही.

मुक्ता. इतक्या वर्षांत पहिल्या लेकीचं हे नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. शेवंताच्या आईनं मुक्ताईला नवस केला होता म्हणून मुक्ता. भडगावला, सासरच्या घरी, भिंतीला धरून चालायला लागली होती. जावळ काढायचं राहिलं होतं. तिला फक्त दोनच शब्द यायचे, एक काऊ आणि एक मम. जेवणाला मम, पाण्यालाही मम. तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. गिरणेचं पात्र भाजलेल्या पापडासारखं, बाया वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. त्या उन्हाळ्यात हिलाल सुट्टीवर आला होता. खांद्याला ही बाटली. घरात पाऊल टाकताच त्यानं पहिलं काही केलं असेल तर आपल्यापुरतं पाणी उकळून मागितलं. सासू आक्काबाई ओट्यावरून म्हणाल्या होत्या, ‘काय रे बापा, आमना पानीमा काय किडा पड्यात का? का समुद्रनं पानी गोड लागस तुले?’ सासरे आप्पा धरून सगळे हसले. तोही हसला. पण प्यायचा तो बाटलीतलंच. दिवाणखान्यातल्या कोनाड्यात बाटली असायची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, गार. मुक्ता भिंत धरून कोनाड्याखाली यायची, वर हात करायची. मम. हिलाल बघायचा. उचलायचा नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलून घ्यायचं नसतं, ही रीत. चार लोकांत बापानं लेकराचा मुका घेतला तर बाया तोंडाला पदर लावायच्या. शेवंतालाही तेव्हा ते बरोबरच वाटायचं. उलट तिला अभिमान होता, आपला माणूस बाहेर एवढा शिकून आला पण घरची रीत सोडली नाही.

मग पोरीला हगवण लागली. उन्हाळ्यात लागतेच. आक्काबाईंनी सांगितलं, ‘पानी देवू नको. पानीनीच वाढस ती. कोरडी ठेव तिले.’ गावात सगळ्यांच्याच पोरांना असंच ठेवायचे. पाणी पिऊन पाणीच पडतं, हे तर डोळ्यांनी दिसतंच की. त्यात कुणाला काय विचारायचं? मुक्ता आधी रडली. मग रडायला आवाज उरला नाही, नुसतं तोंड उघडायची. एकदा ती कशी कुणास ठाऊक सरपटत माठापर्यंत गेली आणि वरच्या तांब्याला तिनं दोन्ही हात घातले. तांब्या कलंडला. तळाशी होतं तेवढं पाणी तिच्या कोपरावरून ओघळलं आणि ती कोपर चाटू लागली. शेवंतानं तांब्या काढून घेतला. तिनंच. आक्काबाई देवळात होत्या, बघायला कुणी नव्हतं, तरी तिनं काढून घेतला. बोटं सोडवावी लागली. लेकराची बोटं केवढी, पण तांब्याला अशी बसली होती की एकेक उकलावं लागलं. नंतर तिनं पदराचा कोपरा ओला करून ओठांना लावला, मुक्तानं तो धरला आणि चोखला, आईच्या दुधासारखा चोखला. तेवढ्यात आक्काबाई आल्या आणि त्यांनी पदर ओढला. मग पुढचं काय आठवायचं. डोळे खोल गेलेले. कातडीला चिमटा काढला तर तसाच उभा...

हे शब्द तिचे नव्हते. हे आज मंचावरून आलेले शब्द. ती अंथरुणात कूस बदलून भिंतीकडे वळली. पलीकडे नाना घोरत होता, संथ, बोटीच्या इंजिनासारखा.

आणि तो दारात उभा होता. हे तिला नेहमी आठवायचं, पण नुसतं चित्र म्हणून, त्याला अर्थ नव्हता. खोलीच्या उंबऱ्याबाहेर हिलाल उभा, एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात बाटली. झाकण उघडायचा, मिटायचा. टक्. टक्. तेव्हा झाकणाला साखळी होती, ती हलायची. आक्काबाई म्हणाल्या, ‘तू कसाले उना आठे, बायासमा? जाय बाहेर बस.’ तो जाऊन बसला. शेवंताला त्या वेळी त्याची कीव आली होती. वाटलं होतं, बिचाऱ्याला काय करावं ते सुचत नाही. पुरुषमाणूस. तिनं मनातल्या मनात त्याचं सांत्वन केलं होतं! आपल्या मांडीवर लेकरू वाळत असताना तिनं त्याची कीव केली होती, आणि ती कीव मग तिनं संसारभर पुरवून पुरवून वापरली. तो तुटक बोलला की वाटायचं, त्याला ते आठवत असेल. तो मुक्ताचं नाव घेत नसे तेव्हा वाटायचं, सोसत नसेल. केवढं मोठं घर बांधलं तिनं त्या किवेवर. त्यात लीलाधर झाला, त्याचं लग्न झालं, सून आली.

आणि स्वतःसाठी तिच्याकडे एक गोधडी होती. माहीत नव्हतं, ही ती गोधडी. मला माहीत नव्हतं, आक्काबाईंना माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. पुढे रेडिओवर जलसंजीवनीचं सांगू लागले, दवाखान्याच्या भिंतीवर बाई आणि वाटी-चमच्याचं चित्र आलं, तेव्हा शेवंता पहिल्यांदा ते ऐकून उठली आणि तिनं रेडिओ बंद केला. नाना बाजूलाच पेपर वाचत बसला होता. पान उलटलं. तिनं मनाशी म्हटलं होतं, आता शोध लागला, आता. आपल्या वेळी नव्हता. मागून आलेल्या पावसाला कोण काय करणार? ही गोधडी ओढून ती इतकी वर्षं झोपली. तरी तांब्यावरची ती बोटं कधी कधी गोधडीतून आत यायची. जात्यावर बसली की ओवी उमटायची, ती तोंडानं म्हणायची नाही, जात्याच्या घरघरीखाली दाबून टाकायची:

लेक तान्ही तहानली, ओठ जसं वाळलं पान
भरल्या घरी माय उभी, तिच्या हाताला घातली आण

आणि आज तिच्या माणसानं, तिच्याच देखत, शे-दोनशे लोकांसमोर ती गोधडी ओढून काढली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला माहीत होतं. कोनाड्यात बाटली होती. उकळलेलं, निवलेलं, गाळलेलं पाणी, हात वर केला की मिळेल इतक्या जवळ. मीठ घरात होतं. साखर नसेल पण गूळ होता.

नाही. असं नसेलही. म्हातारा झालाय, सालं चुकत असतील. भाषणात रंगवायचं म्हणून आधीचं नंतर, नंतरचं आधी केलं असेल. ही आशा तिनं मुठीत धरली, चिमणीचं पिल्लू धरावं तशी, फार दाबली तर मरेल म्हणून सैल. त्याला विचारायचं. एवढं एकच विचारायचं. तेव्हा माहीत होतं का. तो नाही म्हणाला तर पुन्हा पाणी उकळायचं, निववायचं, भरायचं.

सकाळी नानानं नेहमीप्रमाणे तिची रक्तदाबाची गोळी हातावर ठेवली आणि समोर उभा राहिला. तिनं गिळली. ‘आ कर.’ तिनं तोंड उघडलं. ‘जीभ वर.’ तिनं जीभ वर केली. त्यानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. ही जहाजावरची पद्धत. खलाशी हिवतापाच्या कडू गोळ्या जिभेखाली दडवायचे आणि डेकवर जाऊन समुद्रात थुंकायचे. म्हणून औषध कधी कुणाच्या हातात सोडायचं नाही. डोळ्यांसमोर घ्यायला लावायचं आणि मग तोंड उघडून बघायचं. लग्नानंतर तिला पहिल्यांदा ताप आला तेव्हापासून तो असंच करत आला होता. पुष्पा हसायची, ‘नाना, आईंचा एवढा पण भरवसा नाही का?’ नाना म्हणायचा, ‘भरवशाचा प्रश्न नाही. पद्धत म्हणजे पद्धत.’ शेवंताला ते लाडाचं वाटायचं. खोटं कशाला बोला, वाटायचं. तिच्याकडे एवढं निरखून तो एरवी कधी बघत नसे.

धुळ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्याचं दुसरं भाषण होतं. लीलाधर म्हणाला, ‘माय, तू ऱ्हाय घर.’ ती म्हणाली, ‘मी जास.’ नाना म्हणाला, ‘बाटली कोण धरणार मग?’ बाटलीला आता दुसऱ्या कसल्या तरी डब्याचं झाकण बसवलं होतं, जरा सैल. यष्टीत पेटी ठेवायला जागा होईना. कंडक्टर म्हणाला, ‘नाना, पेटीचं अर्धं तिकीट लागेल हां.’

‘औषधं आहेत.’

‘मग आमच्या ड्रायव्हरला द्या ना काहीतरी. परवापासून भुंकतोय खोकून.’

‘अरे, तुझं थोबाड बघूनच येतो मला खोकला,’ ड्रायव्हर पुढून ओरडला. गाडी हसली. नानाही हसला आणि पेटी पायांशी घेऊन त्यानं शेजारच्या माणसाला न विचारताच सांगायला सुरुवात केली. ही बघा निळी बाटली. अंगावर उभ्या रेघा आहेत, हात लावून बघा. विषारी औषधाची. जहाजाच्या पोटात उजेड कुठला, म्हणून बोटांना कळावं यासाठी रेघा. आणि सर्जन कापाकापी करायचा तिथे खाली वाळू पसरायचे, रक्तावरून पाय घसरू नये. आणि आजाऱ्यांना लापशी भरवायला एक पोरगा ठेवलेला असायचा, आम्ही त्या पोराचे वंशज, काय? शेजारचा माणूस कापूस विकून आलेला, पेंगत होता. तरी हुं हुं म्हणाला. शेवंतानं त्या निळ्या बाटलीवरून बोट फिरवलं. रेघा बोटाला लागल्या. किती काळजी घेतली होती लोकांनी, तिच्या मनात आलं. अंधारातसुद्धा चूक होऊ नये म्हणून. आणि भर दुपारी, उघड्या दारात?

एरंडोल गेलं. कापूस वेचून झालेली शेतं, काळी आणि खरबरीत. शेजारचा माणूस उतरला. नाना खिडकीकडे सरकला.

‘आयका ना,’ ती म्हणाली.

‘हं.’

‘तवय तुमले माहीत व्हतं?’

‘काय?’

‘पानीनं. मीठ-साखरनं.’

‘काल ऐकलंस की. लढाईच्या आदल्या वर्षी.’

‘मुक्ता दुष्काळना उन्हाळामा गयी.’

नाव यष्टीत पडलं आणि कुणालाच ऐकू गेलं नाही. नानानं पेटीची कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. बाहेर बघू लागला. मग म्हणाला, ‘ती जहाजावरची गोष्ट. तिथे डॉक्टरनं सांगितलं, मी दिलं. आपण हुकमाचे ताबेदार.’

‘घर?’

‘घरात आई होती.’

‘एक शबद बोलानं व्हतं.’

‘आईसमोर?’ तो तिच्याकडे वळला, खरोखर आश्चर्यानं. ‘पोरीसाठी? चार बायांत जाऊन? आई म्हणाली असती, बायकोनं शिकवून पाठवला. आप्पा हसले असते. ओटाभर लोक हसले असते. तुला आपल्याकडचं माहीत नाही का? मी तर तिला मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं कधी.’ हे शेवटचं तो असं बोलला की जणू ते त्याच्या बाजूचं मोठं कारण होतं.

हसले असते. शेवंतानं तो शब्द घेतला आणि तोंडात धरून बसली. तिला वाटलं होतं भीती असेल, धाक असेल, देवाधर्माचं काही असेल. निदान विसर असेल. एवढंसं निघालं! लोक हसले असते. मुठीतलं पिल्लू केव्हा मेलं ते तिला कळलंही नाही, मूठ अजून तशीच सैल होती. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, भजी, चहा, केळीवाल्या. नाना खाली उतरून पाय मोकळे करून आला. येताना त्याच्या चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचा उजेड होता. बसला आणि हलक्या आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘आणि खरं सांगू का? आई तू होतीस. तू पाजलं असतंस तर तुला कुणी बांधून ठेवलं होतं? मी तर उंबऱ्याबाहेर होतो.’

ते अगदी खरं होतं. तिचं स्वतःचंच वाक्य होतं ते, तिनं रात्री-अपरात्री स्वतःला हजारदा म्हटलेलं. फक्त ते त्याच्या तोंडून यायला नको होतं. त्यानं तिच्या काळजातून ते चोरून आणलं आणि आपल्या अंगावर पांघरलं. फागणे आलं, मग धुळ्याच्या आधीच्या जिनिंगांचे पत्रे. नानानं हात पुढे केला. बोटं दोनदा वाजवली. ही पाण्याची खूण. तिनं बाटली दिली. तो प्यायला, गळ्याची घाटी वर-खाली झाली. तिनं ती वर-खाली होताना पाहिली. त्यानं बाटली परत तिच्या मांडीवर ठेवली. सवयीनं तिनं झाकण लावलं.

देवपूरच्या शाळेच्या हॉलमध्ये तोताराम सर दारातच उभे होते. तेही आरमारातले, आता शाळेत कवायत शिकवणारे. ‘या या नाना! वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत. नाही नाही, मागे कुठे? नाना समुद्रावर होते तेव्हा घरचं जहाज कुणी हाकलं? वहिनींनी!’ बायकांनी तिला कुंकू लावलं, नारळ दिला. नारळ हलवून बघायची सवय, तिनं हलवला. आत पाणी होतं. मंचावरच्या टेबलावर नानासाठी पेला ठेवलेला, वर विणलेली जाळी, जाळीच्या कडेला मणी. त्याला तो हात लावणार नाही हे तिला माहीत होतं. तोताराम सरांनाही माहीत होतं; ते माइकवरून म्हणालेही, ‘नाना आजसुद्धा बाहेरचं पाणी पीत नाहीत. ही शिस्त बघा! आणि ती शिस्त सांभाळणाऱ्या वहिनी बघा!’ लोकांनी माना वळवून बघितलं. शेवंता मांडीवर बाटली घेऊन बसली होती. एका हातात नारळ.

भाषण सुरू झालं. वाळू, लापशीवाला पोरगा, रेघांची बाटली. तिला पुढचा प्रत्येक शब्द आधी ऐकू येत होता आणि मग तो बोलत होता. व्हिनेगरनं धुतलेली जमीन. हिरड्या. रांगेनं मरणारी माणसं. सर्जनचा प्रयोग. तिच्या मनात काही ठरत नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती, पाळण्यातलं मूल आता उठेल म्हणून आई कान देऊन असते तशी. ‘चाळीस वर्षं मित्रहो!’ नाना म्हणाला, बोट वर गेलं, ‘माहीत होतं. हाताशी होतं...’ आणि तिथे त्याचा घसा धरला. तो खाकरला. पुन्हा बोलायला गेला, आवाजाऐवजी शिट्टी आली. खोकला लागला, कोरडा, वाळलेल्या शेंगेसारखा. टेबलाला धरून वाकत त्यानं दुसरा हात मंचाखाली तिच्या दिशेनं लांब केला आणि बोटं वाजवली. दोनदा.

शेवंता उठली. नारळ तिनं खुर्चीवर ठेवला. मंचाच्या अगदी कडेशी जाऊन उभी राहिली, त्याच्या हाताच्या खालीच, आणि सैल झाकण काढलं. बाटली तोंडाला लावली आणि प्यायली. घाईनं नाही. घोट घोट, थांबली नाही. पाणी गार होतं, आणि त्याला कसलीच चव नव्हती, इतकं ते उकळलेलं. हनुवटीवरून एक ओघळ गळ्यात गेला, दुसरा कोपरावर आला. वरचा हात तसाच पसरलेला होता. बोटं आता वाजत नव्हती, नुसती उघडी होती. मागे कुणीतरी म्हणालं, ‘अहो, पाणी, पाणी द्या त्यांना.’ तोताराम सर पेल्यावरची जाळी काढू लागले. मणी टेबलावर वाजले. नानानं पेल्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे पाहत होता, खोकल्यानं भरलेल्या डोळ्यांनी, आणि त्याला कळलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा न सांगता कळलं होतं.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

बाटली संपली. तिनं ती उलटी करून दाखवली. मग मान वर करून, त्यानं शिकवलं होतं तसं, तिनं तोंड उघडलं, नीट, मोठं, त्याला शेवटपर्यंत दिसेल असं. जीभ वर उचलली. खाली काही लपवलेलं नव्हतं.